मत तुमचं, प्रश्न कुणाचा?

१८ फेब्रुवारी २०१९ या दिवशी इटलीतल्या 'फाइव्ह स्टार मूव्हमेंट' या पक्षाच्या सदस्यांना संगणकावर आणि मोबाइलवर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'दिचोत्ती' या इटालियन तटरक्षक जहाजावर समुद्रातून वाचवलेले स्थलांतरित होते आणि गृहमंत्री मात्तेओ साल्व्हिनी यांनी त्यांना कितीतरी दिवस किनाऱ्यावर उतरू दिलं नव्हतं. माणसांना डांबून ठेवल्याचा खटला मंत्र्यावर चालवायचा तर सिनेटची परवानगी हवी. साल्व्हिनींचा 'लीग' हा पक्ष आणि फाइव्ह स्टार तेव्हा एकत्र सत्तेत होते, म्हणजे मामला नाजूक होता. पक्षाने निर्णय सदस्यांवर सोपवला. पण प्रश्न असा रचला होता की 'हो' म्हणणाऱ्याचं मत खटल्याच्या विरोधात जाणार आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं बाजूने. पक्षाचे संस्थापक बेप्पे ग्रिल्लो हे मूळचे विनोदी नट. त्यांनी स्वतःच या प्रश्नाची जाहीर टर उडवली. सुमारे ५२ हजार सदस्यांनी मत दिलं, ५९ टक्के 'हो' म्हणाले आणि पुढच्या महिन्यात सिनेटने खटल्याला नकार दिला.

थेट डिजिटल लोकशाहीची चर्चा बहुतेक वेळा तंत्रज्ञानापासून सुरू होते. चहाचे दहा रुपये फोनवरून देता येतात, मग कायद्यावरचं मत का देता येऊ नये? आमदार-खासदार निवडायचे, पाच वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडायची, त्यांनी पक्ष बदलला तरी बघत बसायचं, यापेक्षा प्रत्येक प्रश्नावर आपणच कौल दिला तर? प्रतिनिधी ही बैलगाडीच्या काळातली सोय होती, आता तिची गरज उरली नाही, असं या बाजूचे लोक म्हणतात. हा युक्तिवाद मला पूर्वी बराच पटायचा. अजूनही त्यातला राग पटतो. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगात जे प्रयोग झाले ते नीट पाहिले तर अडचण मतं गोळा करण्याची नव्हतीच असं दिसतं. प्रश्न कोण लिहितो, कधी विचारतो आणि विचारण्यापूर्वी लोकांना किती वेळ देतो, इथेच सगळं अडतं.

आधी एक गोंधळ दूर करू. 'डिजिटल' आणि 'थेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान करता येतं. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत तर निम्म्याहून अधिक मतं ऑनलाइन पडली. पण तिथले लोक ऑनलाइन जाऊन प्रतिनिधीच निवडतात. पद्धत नवी, राज्य प्रतिनिधींचंच. उलट स्वित्झर्लंडमध्ये लोक वर्षातून साधारण चार वेळा थेट कायद्यांवर मत देतात, आणि त्यातले बहुतेक जण पोस्टाच्या पाकिटातून देतात. तिथे इंटरनेट मतदानाचे प्रयोग झाले. २०१९ मध्ये स्विस पोस्टने आपली प्रणाली तपासणीसाठी खुली केली, तेव्हा संशोधकांना तिच्यात गंभीर दोष सापडले आणि ती बाजूला ठेवावी लागली. २०२३ मध्ये मोजक्या कँटनांत (घटक राज्यांत), मर्यादित मतदारांसाठी ती पुन्हा सुरू झाली. थोडक्यात, जगातली सर्वांत मुरलेली थेट लोकशाही आजही मुख्यतः कागदावर चालते, आणि तिचं तिथे फारसं अडलेलं नाही.

स्वित्झर्लंडचं नाव या चर्चेत नेहमी येतं, पण तिथली यंत्रणा कशी चालते हे सहसा सांगितलं जात नाही. संसदेने केलेला कायदा नको असेल तर १०० दिवसांत ५० हजार सह्या जमवायच्या, मग त्यावर सार्वमत होतं. ही तरतूद १८७४ ची. राज्यघटनेतच बदल हवा असेल तर १८ महिन्यांत एक लाख सह्या. ही १८९१ ची. सह्या जमल्या म्हणजे उद्या मतदान, असं नाही. सरकार आपलं म्हणणं मांडतं, संसद चर्चा करते, हवं तर स्वतःचा पर्यायी मसुदा पुढे करते. यात वर्षं जातात. मतदानाआधी घरोघरी एक पुस्तिका जाते, तिच्यात दोन्ही बाजू छापलेल्या असतात. घटनाबदलाला देशभरातलं बहुमत पुरत नाही, कँटनांचंही बहुमत लागतं. म्हणजे स्विस मतदार 'थेट' मत देतो ते संसदेच्या डोक्यावरून नव्हे, संसदेशी झालेल्या दीर्घ हुज्जतीनंतर. प्रतिनिधी आहेतच. लोकांच्या हातात लगाम आहे, आणि हे प्रतिनिधींना माहीत असल्यामुळे कायदा करतानाच ते विरोधकांना विचारून घेतात.

याच देशात स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळायला १९७१ साल उजाडलं, हेही सांगायला हवं. १९५९ मध्ये हाच प्रश्न मताला टाकला तेव्हा दोन तृतीयांश पुरुषांनी तो फेटाळला होता. मत देणारे सगळे पुरुषच होते. आपेनत्सेल इनरऱ्होडन या छोट्या कँटनातल्या पुरुषांनी तर स्थानिक कारभारात स्त्रियांना मताधिकार द्यायला शेवटपर्यंत नकार दिला आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो आदेश द्यावा लागला. भारतीय स्त्रियांनी तोवर आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून जवळजवळ चार दशकं मतदान केलं होतं. आपल्याकडे तो हक्क संविधान सभेने, म्हणजे प्रतिनिधींनी दिला. तेव्हा पुरुषांचं सार्वमत घेतलं असतं तर काय निकाल लागला असता याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता पुन्हा इटलीकडे, कारण थेट डिजिटल लोकशाहीचा इतका मोठा प्रयोग दुसऱ्या कुठल्या सत्ताधारी पक्षाने केलेला नाही. ग्रिल्लो आणि इंटरनेट व्यावसायिक जानरोबेर्तो कासालेज्जो यांनी २००९ मध्ये पक्ष काढला. नेते नकोत, नेटवरून सदस्य ठरवतील, अशी घोषणा होती. २०१६ मध्ये कासालेज्जो वारले आणि त्याच सुमारास पक्षाचं मतदानाचं व्यासपीठ सुरू झालं. नाव 'रूसो'. अठराव्या शतकातल्या ज्या तत्त्वचिंतकाने लोकांची इच्छा दुसऱ्या कुणाला देता येत नाही असं म्हटलं, त्याचं. २०१८ च्या निवडणुकीत हा पक्ष ३२ टक्क्यांहून अधिक मतं घेऊन देशातला सर्वांत मोठा पक्ष झाला. आघाडी कुणाशी करायची, पुढे ती आघाडी मोडल्यावर विरोधकांशी हातमिळवणी करायची का, सगळं 'रूसो'वर मताला पडलं. २०१८ मध्ये उजव्या लीगसोबतच्या कराराला ९४ टक्के. २०१९ मध्ये डाव्या डेमोक्रॅटिक पक्षासोबतच्या सरकारला ७९ टक्के. २०२१ मध्ये सगळ्यांना सोबत घेणाऱ्या मारिओ द्रागी सरकारला ५९ टक्के. तीन वर्षांत तीन दिशा, आणि प्रत्येक वेळी नेतृत्वाला हवा तोच निकाल. द्रागींच्या वेळचा प्रश्न तर असा होता की त्यातच पर्यावरणाच्या नव्या मोठ्या मंत्रालयाचा उल्लेख होता आणि पक्षाने मिळवलेलं सारं जपण्याची हमीही होती. अशा प्रश्नाला 'नाही' म्हणायला धैर्य लागतं. तरी ४० टक्के लोक म्हणाले, हे कौतुकाचं.

तांत्रिक बाजूही लंगडी होती. २०१७ मध्ये व्यासपीठात घुसखोरी झाली. एप्रिल २०१९ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने ५० हजार युरोंचा दंड ठोठावला, कारण मतांची गुप्तता आणि अचूकता यांची खात्रीच देता येत नव्हती. वरून हे व्यासपीठ पक्षाच्या मालकीचं नव्हतं. कासालेज्जोंचा मुलगा दाविदे याच्या संस्थेकडे ते होतं, आणि त्यासाठी पक्षाच्या खासदारांनी दरमहा पैसे भरायचे होते. २०२१ मध्ये पैशांवरून आणि सदस्यांच्या याद्यांवरून भांडण होऊन पक्ष आणि ती संस्था वेगळे झाले. मतपेटी ज्याच्या घरी, यादीही त्याच्याच घरी, मग पक्ष कुणाचा? नेते नकोत म्हणून निघालेल्या पक्षात पडद्यामागे दोन-तीन माणसं होती आणि त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. प्रयोगाचा शेवट मात्र नाट्यमय झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सदस्यांनी ऑनलाइन मतदानानेच ग्रिल्लो यांचं 'हमीदार' हे पद रद्द केलं. ग्रिल्लोंनी नियमावर बोट ठेवून फेरमतदान घ्यायला लावलं. डिसेंबरमध्ये निकाल तोच आला, आणखी मोठ्या फरकाने.

इटलीतच दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कमी लक्ष गेलं. तिथे पाच लाख सह्या जमल्या तर एखादा कायदा रद्द करण्यासाठी सार्वमत घेता येतं. घटना लिहिली गेली तेव्हा पाच लाख सह्या म्हणजे चौकाचौकांत टेबलं मांडून, उन्हातान्हात उभं राहून जमवायची गोष्ट होती. तो त्रास हीच चाळणी होती. २०२१ पासून डिजिटल ओळखपत्राने घरबसल्या सही करता येऊ लागली आणि गांजाविषयीच्या प्रस्तावाला आठवड्याभरात पाच लाख सह्या पडल्या. (घटना न्यायालयाने तो पुढे फेटाळला.) नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ दहा वर्षांवरून पाचवर आणावा, या मागणीलाही २०२४ मध्ये अशाच झपाट्याने सह्या मिळाल्या. जून २०२५ मध्ये इतर चार प्रश्नांबरोबर ते सार्वमत झालं. मत देणाऱ्यांत बहुमत 'हो'च्या बाजूने होतं, पण निकाल वैध ठरायला निम्मे मतदार यावे लागतात, आले तीस टक्क्यांच्या आसपास. विरोधकांनी 'नाही' म्हणण्यापेक्षा घरी बसणं पसंत केलं. सही सोपी करता येते, आस्था तशी करता येत नाही.

प्रतिनिधी केवळ अंतर लांब होतं म्हणून आले, हेही अर्धसत्य आहे. त्यांचं आणखी एक काम असतं, ते रटाळ असल्यामुळे दिसत नाही: सगळे प्रश्न एकाच वहीत मांडून त्यांची बेरीज जुळवणं. ही बेरीज न जुळल्याचं प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियाचं. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. घराच्या किमतीच्या एक टक्का एवढाच मालमत्ता कर, आणि कराची आधारभूत किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार, घर विकेपर्यंत. घरमालकांचा संताप खराच होता, किमती आणि कर दोन्ही भडकले होते. पण शाळा आणि स्थानिक संस्था त्याच करावर चालत. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच मतदारांनी 'प्रपोझिशन ९८' मंजूर करून शाळांसाठी राज्याच्या पैशांतला मोठा वाटा राखून ठेवला. एका मताने तिजोरीचं तोंड आवळलं, दुसऱ्याने आतल्या पैशांवर दावा सांगितला. दोन्ही मागण्या सुट्या पाहिल्या तर रास्तच आहेत. दोन्हींचा मेळ घालण्याचं काम मात्र कुणाचंच उरलं नाही, आणि या कायद्यांना हात लावायचा तर पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं.

मग सगळंच फोल? नाही. तैवानने याच तंत्रज्ञानाचा वेगळा उपयोग करून पाहिला आणि मला तो अधिक आशादायक वाटतो. मार्च २०१४ मध्ये चीनबरोबरच्या व्यापार कराराविरुद्ध विद्यार्थ्यांनी तैवानची संसद ताब्यात घेतली, तीन आठवड्यांहून अधिक काळ. 'सूर्यफूल आंदोलन' म्हणतात त्याला. त्याआधीच, २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या संगणकतज्ज्ञ कार्यकर्त्यांच्या 'गव्हझिरो' या गटातून 'व्हीतैवान' ही प्रक्रिया आली. पुढे मंत्री झालेल्या ऑड्री तांग त्यात होत्या. २०१५ मध्ये उबर टॅक्सीचा वाद 'पोलिस' (Pol.is) नावाच्या ऑनलाइन साधनावर टाकला गेला. इथे हो-नाहीचा एकच प्रश्न नसतो. कुणीही एक वाक्य लिहायचं, बाकीच्यांनी त्याला सहमत, असहमत किंवा पुढे म्हणायचं. उत्तर लिहायची सोयच नाही, त्यामुळे हमरीतुमरी होत नाही. संगणक सारख्या मतांच्या लोकांचे पुंजके दाखवतो आणि कोणती वाक्यं सगळ्या पुंजक्यांना पटतात तेही. लोक मग आपलं वाक्य दुसऱ्या बाजूलाही पटावं असं लिहू लागतात. उबरच्या बाबतीत समर्थक आणि टॅक्सीवाले दोघांना विमा, नोंदणी, प्रवाशांची सुरक्षितता यावर एकमत करता आलं. त्यातूनच पुढचे नियम आले. मात्र ही प्रक्रिया सरकारवर बंधनकारक नव्हती आणि काही विषय तसेच पडून राहिले. आइसलंडमध्ये त्याहून वाईट झालं. बँका बुडाल्यावर नवी घटना लिहायला पंचवीस सामान्य नागरिकांचं मंडळ बसलं. मसुदे नेटवर टाकून सूचना घेतल्या, ऑक्टोबर २०१२ च्या कौलात दोन तृतीयांश लोकांनी मान डोलावली, आणि संसदेने ती घटना मंजूरच केली नाही.

प्रश्नाच्या रचनेवर आपल्या शेजारीच एक धडा आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पानं. दोन पानांना ५४ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली, सुमारे ३४ हजारांचा फरक. कौलाआधी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला, कारण विलीनीकरणवाद्यांच्याच हाती कारभार असताना कौल निःपक्ष होणार नाही अशी मागणी होती. ही समज आजच्या किती ॲपवाल्यांना असते? पण तिसरा पर्याय, स्वतंत्र राज्याचा, मतपत्रिकेवर नव्हता. १९८७ मध्ये गोवा राज्यच झाला. म्हणजे अखेर जे घडलं ते विचारलंच गेलं नव्हतं.

महाराष्ट्राच्या गावांत थेट लोकशाहीचं आणखी एक अस्सल रूप आहे आणि त्याला कुणी परदेशी नाव दिलेलं नाही: उभी बाटली, आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर २००८ च्या आदेशानुसार एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान होतं: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. आडवी बाटली जिंकायला हजर मतदारांतलं बहुमत पुरत नाही, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. परगावी असलेली, आजारी असलेली, यादीत राहून गेलेली मयत बाईदेखील इथे बाटली उभी ठेवते. उंबरठा किती ठेवला यावर निकाल कसा ठरतो ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

हेच मतदान मोबाइलवर घेतलं तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. शाळेच्या खोलीतल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती बाई एकटी असते. घरी फोन नवऱ्याच्या नावावर, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि तिच्या शेजारी बसलेला तोच. एस्टोनियाने यावर तोड काढली आहे: मुदतीत कितीही वेळा मत बदला, शेवटचं मोजलं जाईल, आणि कागदी मत दिलं तर तेच ग्राह्य. पण ती तोड ज्याचं ओळखपत्र आणि फोन त्याच्याच हातात असतो त्याच्यासाठी. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. मतमोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, हे त्यामागचं तत्त्व. मोबाइलवरच्या मताला ही कसोटी अजून कुणी पार करून दाखवलेली नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर मतमोजणीच टाळली. तिथली ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते आणि त्याआधी गावाचा अभ्यासगट विषय महिनोन् महिने चघळतो. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही, ग्रामसभेला घाई नाही. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. गाव लहान आहे, मुंबईला ही पद्धत जशीच्या तशी लागू होणार नाही, हे उघड आहे. पण अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवण्याची युक्ती कुठल्याही आकाराला चालते. डिजिटल साधनं लावायची तर ती या पहिल्या भागाला लावावीत असं माझं मत आहे. मुद्दे गोळा करायला, खर्चाचे आकडे सगळ्यांसमोर ठेवायला, प्रश्नाच्या मसुद्यावर हरकती घ्यायला. अखेरचं मत बंद खोलीत, कागदावर पडलं तरी बिघडत नाही.

आणि प्रतिनिधी नकोतच म्हणणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता. त्या जागी जनता आली नाही, प्रशासक आला. हजारो कोटींचा अर्थसंकल्प निवडून न आलेल्या माणसाने मांडला आणि मंजूरही केला.

उद्या तुमच्या महापालिकेने, ग्रामपंचायतीने किंवा पक्षाने मोबाइलवर कौल घ्यायचं ठरवलं तर बटण दाबायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा. प्रश्नाचा मसुदा महिनाभर आधी आणि तो बदलून घेण्याची सोय. 'हो' म्हटलं तर पैसा कुठून येणार याचा हिशेब. आणि निकाल मानणं कुणावर, किती मतांनंतर बंधनकारक आहे याचा नियम. यातलं एकही मिळालं नाही तर त्या कौलात भाग घेऊ नका, आणि का घेतला नाही ते जाहीरपणे सांगा.